फडापर्यंत पोचणारे ऑडिट

साखर घेणारी मोठी शीतपेय कंपनी एखाद्या कारखान्याची तपासणी करून घेते, तेव्हा अहवालाच्या पहिल्याच पानावर उत्पादन-स्थळाचा पत्ता असतो. तो कोल्हापूर जिल्ह्यातला असतो, सांगलीतला किंवा सोलापुरातला असतो, कधी बेळगावातला असतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार ही नावे त्या अहवालात येत नाहीत. त्या कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस मात्र अनेकदा याच तालुक्यांतल्या माणसांनी तोडलेला असतो. बीड जिल्हा साखरेच्या साखळीत आहे तो मुख्यतः मजूर पुरवणारा जिल्हा म्हणून, आणि मजुरांच्या पुरवठ्याला ऑडिटच्या नमुन्यात रकाना नाही. पुरवठादाराच्या तपासणीचे सामाईक निकष कसे तयार झाले, ते कुठे कमी पडले आणि ते बीडपर्यंत पोचायचे तर त्यांत काय बदलावे लागेल, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

पुरवठादाराची तपासणी ही कल्पना तशी अलीकडची. १९९०च्या दशकात बूट, फुटबॉल, कपडे बनवणाऱ्या बड्या ब्रँडांची नावे बालमजुरीच्या बातम्यांत झळकू लागली, आणि प्रत्येक कंपनीने आपापली आचारसंहिता काढली. १९९७ मध्ये ‘एसए ८०००’ हे मानक आले. या अनेक संहितांतून वेगळीच अडचण उभी राहिली. तिरुप्पूरमधला किंवा ढाक्यातला एक कारखाना दहा ब्रँडांना माल देत असेल, तर दहा तपासनीस, दहा प्रश्नावल्या आणि दहा वेगवेगळे निकष. एकाला अग्निशामक नळकांडे एका उंचीवर हवे, दुसऱ्याला दुसऱ्या. मालकाचा वेळ आणि पैसा तपासण्यांतच जाई, सुधारणेला काही उरत नसे. म्हणून खरेदीदारांनी एकत्र येऊन सामाईक निकष ठरवायला सुरुवात केली. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सेडेक्स ही संस्था निघाली. एकदा तपासणी करा, अहवाल सामाईक संगणकीय भांडारात ठेवा आणि ज्याला हवा त्या खरेदीदाराने तो पाहावा, असा तिचा सरळ हिशेब. तिची ‘स्मेटा’ ही पद्धत आज जगभर वापरली जाते आणि महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींतही ती परिचयाची आहे.

उसासाठी वेगळे मानक आले ते ‘बोनसुक्रो’चे. त्याखाली प्रमाणित झालेला पहिला कारखाना ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातला, साल २०११. पाणी, खते, ऊर्जा, मजुरी, मानवी हक्क असे सगळे त्यात येते, आणि कागदोपत्री कारखान्याबरोबर ऊसक्षेत्रही त्याच्या कक्षेत येते. मात्र साखर दाण्यादाण्याने वेगळी ठेवता येत नाही. त्यामुळे बहुतेक व्यवहार वजनाच्या ताळेबंदावर चालतो: प्रमाणित क्षेत्रातून जितका ऊस आला तितक्या साखरेचा दावा करायचा, मग प्रत्यक्ष पोते कोणत्या उसाचे का असेना. व्यापाराच्या दृष्टीने ही सोय योग्य आहे. पण त्यामुळे बाटलीतली साखर आणि ती जिने तोडली ती बाई यांच्यातला धागा पहिल्याच पायरीवर सुटतो, हे विसरून चालणार नाही.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. सकाळी कारखान्याच्या सभागृहात प्रारंभिक बैठक. मग हजेरीपत्रके, पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीची चलने, अग्निशमनाचा दाखला. मग गव्हाणीपासून साखरेच्या गोदामापर्यंत फेरी. मग काही कामगारांच्या मुलाखती. शेवटी समारोपाची बैठक आणि त्रुटींची यादी. किती लोकांशी बोलायचे याचे कोष्टक ठरलेले असते. अनेक प्रमाणनांत एकूण संख्येच्या वर्गमुळाइतके नमुने घेतात, म्हणजे ९०० शेते असतील तर ३०. कारखान्याच्या आत, चार भिंतींमध्ये, हे सारे बऱ्यापैकी काम देते. बॉयलरजवळचा कामगार कायम असतो, त्याला तिकीट नंबर असतो, पगाराची चिठ्ठी असते.

उसाच्या फडात यातले काहीच नसते. तिथे ‘कोयता’ असतो. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता हे मोजमाप आहे: नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झाले, की परतते. मधले चार-पाच महिने फडाच्या कडेला पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत. पहाटे अंधारात काम सुरू होते. पुरुष ऊस तोडतो, बाई वाढे साळून कांड्या गोळा करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी रात्री लागली तर रात्री भरायची. एका कोयत्याचा दिवस साधारण दीड-दोन टनांचा.

तो ऊस काट्यावर जातो तेव्हा एक पावती निघते. त्या पावतीवर वाहनाचा क्रमांक असतो, शेतकऱ्याचे नाव असते, टोळी आणणाऱ्या मुकादमाचा किंवा वाहतूकदाराचा कोड असतो, वजन असते. मोळी बांधणारीचे नाव तिच्यावर नसते, कारण कोयता नवऱ्याच्या नावावर लागलेला असतो आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. ‘स्त्री-पुरुषांना समान कामाचे समान वेतन मिळते का?’ असा प्रश्न तपासनीसाच्या यादीत असतोच. त्याचे उत्तर शोधायला तो पगारपत्रक मागतो. पगारपत्रकात ऊसतोडणी करणारी एकही बाई नाही, तेव्हा विषमतेचा पुरावाही नाही, आणि चौकटीत बरोबरची खूण पडते. तपासनीस इथे लबाडी करतो असे मी म्हणत नाही. त्याच्या हाती दिलेला नमुना कारखान्यासाठी घडलेला आहे, आणि तो फडावर लावला की असेच होते.

साप्ताहिक सुट्टीच्या प्रश्नाचेही तसेच. फडात सुट्टीला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आजारपण, पाळी, गरोदरपण, मुलाचा ताप, कारण काही असो, कोयता एक दिवस उभा राहिला की पाचशे ते हजार रुपये हिशेबातून जातात, असे महिला संघटनांच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न या खाड्यापासून वेगळा काढता येत नाही. २०१९ मध्ये तो राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. अस्वच्छता, पाण्याची टंचाई, जड मोळ्या, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे, कॅन्सरची भीती घालणारे काही खासगी दवाखाने अशी अनेक कारणे इथे एकत्र येतात. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत जिल्हा प्रशासनाने आणली. पण विचार करा: ही शस्त्रक्रिया गावाकडे, बीडमध्ये होते. तिचे एक कारण फडात, दोन-तीनशे किलोमीटरवर असते. आणि तपासणी होते कारखान्यात. तीन ठिकाणे, आणि ती जोडणारा एकही कागद नाही.

याहून मोठा प्रश्न उचलीचा. कारखाना हंगामाआधी वाहतूकदाराला किंवा मुकादमाला आगाऊ रक्कम देतो, मुकादम ती कोयत्यांना वाटतो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, आधीच्या हंगामाची बाकी यांत ती उन्हाळ्या-पावसाळ्यातच संपते. हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. एका कोयत्याने लाखभर उचल घेतली असेल तर ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोजचे दोन टन धरले तर एकही खाडा न होता १३६-१३७ दिवस, आणि तेही खायला काही न घेता. २०२४-२५ चा हंगाम तर राज्यात सरासरी शंभर दिवसही चालला नाही. उरलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी कोणत्या टोळीत जायचे हे त्याच वेळी ठरून जाते. आपल्याकडे वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे आणि आगाऊ रकमेच्या बदल्यात बांधलेले श्रम ही त्याची मूळ चिंता आहे. तरी ‘येथे सक्तीची मजुरी आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले जाते, कारण मुलाखत दिलेला कामगार कारखान्याच्या आवारातला असतो आणि त्याने उचल घेतलेली नसते.

मुकादमाला एकट्याला खलनायक करणेही बरोबर नाही. उचल घेऊन टोळीच न आल्याने लाखो रुपयांना बुडालेले वाहतूकदार आणि ट्रॅक्टरमालक ऊसपट्ट्यात गावोगाव भेटतात, पोलिसांत तक्रारी होतात. मुकादम स्वतःही बऱ्याचदा पूर्वी कोयता चालवलेलाच असतो. सगळा धोका कारखान्याच्या गेटबाहेर ढकलून दिलेला आहे आणि गेटबाहेरची माणसे तो एकमेकांवर लोटत राहतात.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘फुलर प्रोजेक्ट’ या वृत्तसंस्थेबरोबर केलेला शोध-वृत्तान्त छापला. महाराष्ट्रातली साखर घेणाऱ्या कोका-कोला आणि पेप्सिको या कंपन्यांची नावे त्यात होती. फडात मुले काम करतात आणि मजूर मालकाचे देणे फेडण्यासाठी राबतात, हे कोका-कोलासाठी काम करणाऱ्या सल्लागारांनी २०१९ मध्येच नोंदवले होते, असे त्या वृत्तान्तात आहे. यातली मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब ही की माहितीची वानवा नव्हती. माहिती होती, अहवाल होते, आणि बीडच्या मजुराला किंवा त्याच्या संघटनेला ते वाचायला मिळण्याची सोय नव्हती.

सामाईक निकषांचा धोका इथेच आहे. दहा खरेदीदार दहा वेगळ्या तपासण्या करत असतील तर त्यांतला एखादा तरी चुकून फडात जाईल. दहाही जण एकच अहवाल वाचत असतील आणि त्यात फड नसेल, तर दहाही जणांना फड दिसणार नाही. त्याची किंमत काय असते हे आपल्या शेजारच्या देशांनी पाहिले आहे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, अडीचशेहून जास्त माणसे गेली. त्या कारखान्याला काहीच आठवडे आधी एसए ८००० चे प्रमाणपत्र मिळाले होते. पुढच्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली आणि १,१३४ जण मेले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही सामाजिक तपासणी झालेली होती. इमारतीच्या खांबांची ताकद पाहणे तपासनीसाच्या यादीतच नव्हते.

राणा प्लाझानंतर जे झाले त्यातून शिकण्यासारखे खूप आहे. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात ‘अकॉर्ड’ हा सुरक्षा-करार झाला. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. निकष सामाईक होतेच, पण त्याबरोबर तीन गोष्टी नव्या होत्या: करार कायद्याने बंधनकारक होता, कामगार संघटनांना व्यवस्थापनात बरोबरीची जागा होती, आणि प्रत्येक कारखान्याचा तपासणी अहवाल जाहीर केला जात होता. दुरुस्तीचा खर्च परवडेल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी ब्रँडांवरही टाकलेली होती.

ऊसतोडीला याहून जवळचे उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे आहे. इमोकली भागात टोमॅटो तोडणारे मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले. मध्ये टोळीप्रमुख, म्हणजे त्यांचे मुकादमच. उक्ती मजुरी, फसवणूक आणि काही प्रकरणांत तर न्यायालयात सिद्ध झालेली गुलामगिरी. मजुरांनी स्वतःची संघटना बांधली आणि टोमॅटो विकत घेणाऱ्या हॉटेल-साखळ्यांना वर्षानुवर्षे धारेवर धरले. २००५ मध्ये टॅको बेलच्या मालक कंपनीने करार केला, २००७ मध्ये मॅकडॉनल्ड्सने, आणि २०११ पासून ‘फेअर फूड प्रोग्रॅम’ राज्यातल्या बहुतेक टोमॅटो शेतीत लागू झाला. खरेदीदार पौंडामागे एक सेंटच्या आसपास जादा देतात आणि ती रक्कम मजुरीत जाते. शेतमालकाने मजुराला थेट आपला कामगार म्हणून नोंदवायचे, टोळीप्रमुखाच्या नावावर ढकलायचे नाही. तपासणीत वर्गमुळाचे कोष्टक नाही. शेतावरच्या किमान निम्म्या मजुरांशी बोलायचे. चोवीस तास चालणारी तक्रारवाहिनी. आणि नियम मोडणाऱ्या शेताचा माल करारातल्या सगळ्या खरेदीदारांनी एकदम थांबवायचा. शेतीत, हंगामी स्थलांतरितांच्या कामात, मुकादम मध्ये असताना अशी तपासणी जमत नाही असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण पुढे करावे.

आपल्याच देशात तमिळनाडूत २०२२ मध्ये दिंडिगल करार झाला. एका कपड्यांच्या कारखान्यातल्या जयश्री कथिरवेल या तरुण दलित कामगार मुलीचा तिच्या पर्यवेक्षकाने खून केला, त्यानंतर दलित महिलांच्या नेतृत्वाखालील संघटनेने एच अँड एम आणि इतर ब्रँडांशी तो केला. तिथे कामगार बायकांमधूनच निरीक्षक नेमल्या गेल्या, ज्यांना रोज कारखान्यात काय चालते ते माहीत असते. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्या तपासनीसापुढे जी बाई तोंड उघडणार नाही, ती शेजारच्या मशीनवरच्या बाईशी बोलते.

महाराष्ट्रात असा सामाईक निकष नव्याने रुजवावा लागेल, हे म्हणणे मला पटत नाही. तोडणीचा दर इथे प्रत्येक कारखाना वेगळा ठरवत नाही. राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना एकत्र बसून तो सगळ्या राज्यासाठी ठरवतात. दराच्या वादात निवाडा देणारा शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद ऊसपट्ट्यात सर्वांना आठवतो. पुढे त्या टेबलावर पंकजा मुंडे आल्या. सुमारे दोनशे कारखान्यांचा उद्योग मजुरीच्या एका आकड्यावर एकत्र येऊ शकतो, तर खाड्याच्या दंडावर, प्यायच्या पाण्यावर, फडाजवळच्या शौचालयावर, गाडीत चढायच्या फळीवर आणि अपघाती विम्यावर का येऊ नये? या गोष्टी दरकरारातच लिहिल्या आणि बोनसुक्रोसारख्या मानकांनी तोच करार आपला निकष म्हणून धरला, तर खरेदीदाराला लंडनहून नवी यादी पाठवायची गरज राहणार नाही.

मग तपासणी कुठे आणि केव्हा करायची? माझ्या मते ती ऑगस्ट-सप्टेंबरात बीडमध्ये सुरू झाली पाहिजे, उचल वाटली जाते तेव्हा. किती दिली, कोणत्या कागदावर, बाईची सही आहे का, मागची बाकी कोणी मोजली, बरोबर निघालेली मुले किती वर्षांची, त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का. दुसरा टप्पा डिसेंबर-जानेवारीत फडात, न सांगता, आणि अंधार पडल्यावर कोपीतही. विचारणारी बाई असावी, तिला मराठवाड्याची बोली यावी, वंजारी वस्तीत आणि लमाण तांड्यावर तिला परके धरू नये. तिसरा टप्पा पट्टा पडल्यानंतर पुन्हा गावात, हिशेब मिटला की नाही ते पाहायला. एकच कोयता तीन ठिकाणी गाठला म्हणजे वर्षाची कहाणी पूर्ण होते. तपासनीसाचे बिल आज बहुधा ज्याची तपासणी होते तोच भरतो. ते खरेदीदारांच्या सामाईक निधीतून जावे.

कारखान्यांचे उत्तर ठाऊक आहे: तोडणी मजूर आमचे नोकर नाहीत, तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, वजा होतो. हे हिशेबाने खरे आहे, आणि म्हणूनच वाढीव खर्च शेतकऱ्यावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. तो साखरेच्या भावात, बड्या खरेदीदाराच्या दरात यायला हवा. दुसरे उत्तर हार्वेस्टरचे. यंत्र आले की प्रश्नावली स्वच्छ होईल, यात शंका नाही. बीडमधल्या बालाघाटच्या डोंगरकुशीतल्या कोरडवाहू गावात तोडीचा पैसा कुठून येईल, हे मात्र त्या प्रश्नावलीत कोणी विचारणार नाही.

या सगळ्याला पायाभूत ठरेल अशी मजुरांची एक यादी आपल्याकडे अर्धीमुर्धी तयार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकीच भर राज्याने घालायची, असे ठरलेले आहे. राज्यात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होते. म्हणजे कारखान्यांकडून शंभर कोटी आणि सरकारकडून तेवढेच. ग्रामपंचायतींमार्फत मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रे हा महामंडळाच्या याच कामाचा भाग आहे. ती नोंदणी कोयत्यागणिक न करता माणसागणिक व्हावी, बाईला तिचा स्वतंत्र क्रमांक मिळावा आणि काट्याच्या पावतीवर मुकादमाच्या कोडशेजारी तोही छापला जावा. संगणकीकृत काट्याला आणखी दोन रकाने जोडणे अवघड नाही. ते झाले की पगाराचा प्रश्न विचारायला येणाऱ्या तपासनीसाच्या हाती पहिल्यांदाच वडवणीच्या बाईचे नाव आणि तिने भरलेले टनेज एकाच कागदावर येईल, आणि तिच्या खात्यावर किती जमा झाले हे त्याला विचारता येईल.